बयोच्या वळणाचं पाणी

८ फेब्रु., रविवार
निखिलने परत तेच काढलं. "हेमंत दादा, ॲपमधलं 'माझं पाणी' उडवूया ना. जुना कोड आहे, कुणी वापरत नाही, सांभाळायचा ताप फुकटचा." ॲप आमचं, भरती-ओहोटीच्या वेळांचं, कोड सगळ्यांना खुला. बनवलं मी आणि शलाकाने, आणि हा आला दिवाळीनंतर. आल्यापासून नुसता राबतोय. बग शोधतो, दुरुस्त करून पाठवतो, वर 'थँक्स दादा' पण तोच म्हणतो. इतकं गोड कुणी फुकटात वागतं का?

कुणी वापरत नाही म्हणे. अरे, बंदराच्या छापील वेळा मुंबईच्या. ते पाणी खाडीत शिरून ठाण्याला येणार, मोठागावला येणार, कल्याणला तर त्याहून उशिरा. मधे गाळ, मधे पुलांची कामं, मधे वारा. म्हणून तर 'माझं पाणी' केलेलं. आपल्या जागेचं नाव टाका, पाणी खरंच कधी फिरलं, म्हणजे ओहोटी संपून भरती कधी लागली, ते टाका, पुढच्या वेळा ॲप त्यावरून काढतं, आणि त्या सगळ्यांना दिसतात. ते काढलं तर उरतं काय? भिंतीवरचं कॅलेंडर.

लिहिलं त्याला : "विचार करू." म्हणजे नाही. कळेल त्याला.

१० फेब्रु., मंगळ.
शलाकाचा फोन. कॉलेजातली मैत्रीण, आता कल्याणला मुलांना गणित शिकवते, बोलते पण फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी. "हे बघ हेमंत, निखिलचं म्हणणं मला पटतं. लोकांनी टाकलेल्या वेळा आपण तपासत नाही. चुकीची वेळ दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी."

म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालंय. माझ्या पाठीमागे. विचारलं तर म्हणते, "अरे, जे काही झालं ते सगळ्यांसमोर लिहिलेलं आहे, तूच वाचत नाहीस." वाचलं. आहे खरं लिहिलेलं. पण त्या आधीचं?

आमचा नियम : नवीन काही घालायला एकाची सही पुरे, जुनं काढायला दोघांची. नियम मीच सुचवलेला. तेव्हा श. हसलेली, "तुझा कुणावर विश्वास कसा नाही रे?" आता तोच कामाला आला.

नि. कामाला कुठे आहे ते शोधलं. माजिवड्याला, हायवेलगतच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. कंपनी काय करते, तर 'लोकेशन सोल्युशन्स'. लोकेशन! कुठे तरी पाणी मुरतंय.

१३ फेब्रु., शुक्र.
सापडलं. बयोच्या वळणाच्या वेळा चुकीच्या आहेत.

बयो म्हणजे बाबांची आजी. आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यापासून पुढे खाडी जिथे वळते, तिथे ती पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायची, म्हणून ते बयोचं वळण. जिताडा मासा मिळतो तिथे, अजून मिळतो. जागा बाबांचीच मानतात, दुसरं कुणी जाळं टाकत नाही. ॲपमध्ये ते नाव दर्शना वहिनीने टाकलं गेल्या वर्षी, तिला खडकावर कालवं काढायला जायला सोयीचं म्हणून. आजूबाजूच्या सगळ्या जागा एका सुरात चालतात आणि बयोचं वळण एकटंच मागे. तासभर मागे! पाणी काय वळणावर थांबून चहा पितं?

कुणी तरी मुद्दाम खोट्या वेळा टाकतंय. एकदा नाही, दर उधाणाच्या आधी. टाकणाऱ्याचं नाव आम्ही ठेवत नाही, तशी शपथच होती पहिल्या दिवशीची. पण ज्याला 'लोकांच्या वेळा बेभरवशाच्या' हे सिद्ध करायचंय, त्याच्या फायद्याचंच आहे हे सगळं.

प्राचीला सांगितलं. बायको म्हणाली, "तुला ना, दूधवाला वेळेवर आला तरी संशय येतो." भाजी चिरत होती, वर बघितलं पण नाही.

१५ फेब्रु., रविवार
ठाण्याला गेलेलो. महाशिवरात्र, म्हणून कोळ्याच्या घरात साबुदाणा. बाबा बोटाने एकेक दाणा बाजूला करत खातात, शिक्षा भोगतायत असं तोंड. जुना फोन मांडीवर. मीच दिलेला, ॲपसकट. आई गेल्यापासून त्यावर भजनं ऐकतात.

दर्शना वहिनी वाढायला आलेली. चुलतभावाची बायको, शेजारीच राहते, माहेर टिटवाळ्याचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला भांग आणि उधाण यातला फरक माहीत नव्हता. आता एकटी जाते खडकावर. भांगाला पाणी थोडंच हलतं, खडक नीट उघडे पडत नाहीत. उधाणाला पार खाली जातं, पण येतं पण तसंच अंगावर.

"काका, बुधवारी पाणी उशिरा फिरतंय म्हणे," ती फोनमध्ये बघून बोलली. "बरा वेळ मिळेल."

बाबा म्हणाले, "हं."

मी सांगितलं तिला, वहिनी, त्या वेळा जरा गडबड आहेत, मी बघतोय. ती म्हणाली, "काय गडबड भाऊजी, दोनदा गेले मी, काही नाही झालं." तेव्हा भांगाचं पाणी होतं, उशीर झाला तरी चालून गेलं. हे तिला नीट समजावायला हवं होतं पण तेवढ्यात बाबा उठले, टोपी घेतली. मी सवयीने विचारायला गेलो, कुठे चाललात, आणि जीभ आवरली. आमच्यात पाण्यावर निघालेल्याला कुठे ते विचारत नाहीत. अपशकुन. आणि विचारलं तरी कोण सांगतंय? सख्खा भाऊ भावाला सांगत नाही.

१६ फेब्रु., सोम.
वहिनीला मेसेज : बुधवारी सांभाळून. तिने अंगठा पाठवला.
नि.ला काही बोललो नाही. पुरावा हवा.

१८ फेब्रु., बुध.
दर्शना वहिनी अडकली. ओहोटीला खडकावर गेलेली, वेळ ॲपची धरून. पाणी तासभर आधीच फिरलं. खडक आणि काठ यांच्या मधे चिखल, तिथे मांडीपर्यंत रुतली आणि पाणी कमरेला. पाटी गेली, कोयता गेला. बाबांची होडी तिथेच होती. बाबांनी काखेत हात घालून ओढून काढली. चप्पल खाडीत राहिली.

फोन चुलतभावाचा. पहिलं वाक्य, "तुझ्या त्या ॲपच्या आयला..." पुढचं लिहीत नाही. त्याचं बरोबरच आहे.

निखिल, तुला सोडत नाही आता.

१९ फेब्रु., गुरु.
शिवजयंतीची सुट्टी. सकाळीच गेलो. वहिनी अंथरुणात बसलेली, पायाला कालवांच्या कडांनी कापलेलं. मला बघून तीच हसली. "भाऊजी, चेहरा असा नका करू, मेले नाही मी."

मी म्हटलं, वहिनी, ते सगळं काढूनच टाकतो. तर ती एकदम, "नका काढू! मग मला कोण सांगणार? इथे कुणाला विचारायची सोय आहे का? सासूबाई होत्या तर हात धरून न्यायच्या. आता विचारलं की सगळे हसतात, नाही तर गप्प बसतात. दुरुस्त करा, पण काढू नका."

बाबा घरी नव्हते. असते तर विचारणार होतो, की तुम्ही तिथे कसे? उधाणाला पाणी फिरताना बाबा त्या वळणाला होडी घालत नाहीत. लहानपणापासून बघतोय मी.

२० फेब्रु., शुक्र.
नि.ला गाठलं. माजिवड्याला पुलाखालच्या टपरीवर. मी तयारीनेच गेलेलो, पहिलाच प्रश्न : "बयोच्या वळणाच्या वेळा तू बदलतोस?"

तो बघतच राहिला. मग तापला. "दादा, मी? अरे मी स्वतः दोनदा फसलोय तिकडे! गळ टाकायला जातो आम्ही, मित्र मित्र, रविवारी. ॲपमध्ये बघितलं, बयोचं वळण, जिताडा लागतो असं ऐकलेलं. वेळ बघून गेलो तर पाणी आधीच चढलेलं. डास चावून चावून बेजार, एक मासा नाही. म्हणून तर बोललो, हे फीचर काढा, भंकस आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून 'जुना कोड' बोललो."

दोन कटिंग झाले. बॅगेतून गळाचं रीळ काढून दाखवलं, महागाचं, जपान की कुठलं. कंपनी कुरिअरच्या गाड्यांचे रस्ते शोधते, बस्स. वहिनीचं सांगितलं तर पोराचा चेहरा उतरला. "वहिनी ठीक आहेत ना?" तीनदा विचारलं.

खरं बोलत होता. खोटं बोलणारा माणूस डासांचं इतकं बोलत नाही. मग कोण?

२१ फेब्रु., शनि.
प्रत्येक नोंदीबरोबर एक गोष्ट मागे राहते, ॲपची कुठली आवृत्ती होती ती. नावं नाहीत, फक्त आवृत्ती. आज बसून बयोच्या वळणाच्या नोंदी काढल्या. खोट्या सगळ्या एकाच आवृत्तीतून.

ती आवृत्ती आम्ही कधी बाहेर सोडलीच नव्हती. अक्षरं मोठी, बटणं मोठी. ती मी एकाच फोनवर घातलेली, माझ्या हाताने.

दुसऱ्यांदा बघितलं. मग लॅपटॉप बंद केला.

प्राची म्हणाली, "काय झालं?" काही नाही म्हटलं. निखिलवर संशय घेतला ते तिला किती रंगवून सांगितलेलं. हे सांगवेना.

२२ फेब्रु., रवि.
ठाण्याला गेलो नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. बाबांनी विचारलं पण नाही कसलं.

२४ फेब्रु., मंगळ.
ऑफिसातून तडक कोळीवाडा. बाबा ओट्यावर होडीच्या इंजिनाचा प्लग घासत बसलेले.

"बाबा, बयोच्या वळणाची वेळ तुम्ही टाकता?"

प्लग फुंकला. उजेडात धरला. "ते नाव मोबाइलमधी मी टाकलं काय?"

"वेळ तुम्ही टाकता का?"

"रविवारी ये नि बघ. गाऱ्या लावतान, कानात वायरी घालतान, गल टाकतान. एकाला इचारलं, तुना कुनी सांगितली रं ही जागा? तर बोलतो, काका, ॲप हाय ना." थांबले. "तुझं ॲप. माझ्या आजीचं नाव घेतंय तो, नि त्याला ठावं पन नाय आजी कोन."

मी म्हटलं, मग मला सांगायचं होतं!

"तुना? तू बोलनार, बाबा, ते ओपन हाय." ओपन हा शब्द अगदी माझ्यासारखा म्हटला. ऐकून ऐकून पाठ झालेला. माझा राग तिथेच निम्मा झाला, आणि उरलेला दुप्पट.

"आणि वहिनी? ती बुडाली असती बाबा!"

आता हात थांबला. "मना ठावं नव्हतं ती मोबाइल बघून जाते."

ठाऊक नव्हतं? महाशिवरात्रीला समोर बसून तिने फोन वाचून दाखवला. तुम्ही 'हं' म्हणालात. मी हे सगळं बोललो, तोंडावर.

"मग बुधवारी होडी घेऊन तिथे काय करत होतात?"

"मासं."

"उधाणाला? त्या वळणाला? पाणी फिरताना?"

प्लग खिशात टाकला आणि आत गेले. दारातून म्हणाले, "ते वलन कार तुझ्या मोबाइलातनं. मंग सांगतो खरं पानी."

गाडीत बसून घरी, डोंबिवलीपर्यंत एकच विचार. ती फोनमधली वेळ धरून जाते हे बघितलं, खोटी वेळ तिच्या तोंडून ऐकली, आणि 'आधी फिरेल गं पोरी' एवढं म्हणवलं नाही. म्हटलं असतं तर ती ते भाबडेपणाने ॲपमध्ये टाकणार, सगळ्या जगाला दिसणार. म्हणून सांगायचं टाळलं आणि होडी घेऊन जाऊन राखण केली? का खरंच मासे? मला कळत नाही. माझा बाप आहे आणि मला कळत नाही.

२६ फेब्रु., गुरु.
साधा उपाय : फक्त बयोचं वळण काढायचं. बाकी सगळं राहू दे. बाबा खूश, बाकी लोकांची सोय शाबूत. निखिललाही हे लिहिलं, माफी पण मागितली. तो म्हणाला, "चालतंय दादा. पण वहिनी मग कशावर जाणार?"

वहिनीचीच जागा आहे ती.

२८ फेब्रु., शनि.
कल्याणला शलाकाकडे. सगळं सांगितलं, बाबांचं पण. मला वाटलेलं ती 'बघ, मी म्हणत होते' म्हणेल. नाही म्हणाली. पोह्यांवर खोबरं घालत शांतपणे म्हणाली, "तुझ्या बाबांना सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसेल कशावरून?"

मी पोहे खाली ठेवले.

"मोठागाव, विठ्ठलवाडीकडची खाडी, इथली आमची," ती म्हणाली. "प्रत्येक जागेवर कुणाची तरी आजी असेल, हेमंत. त्यांनी आपल्याला खरं का सांगावं?"

मी चिडलो. म्हटलं, लोकांचे मेसेज येतात, तुमच्यामुळे बरं झालं म्हणून, त्या बायका चिखलात उतरतात आपल्या भरवशावर. ती म्हणाली, "म्हणूनच तर." आणि मग हळूच, "मला ते काढायला आनंद होत नाहीये रे. ते आपण दोघांनी किती हौसेने लिहिलेलं."

काढलं तरी काय, कोड उघडा आहे, ज्याला हवं तो जुनी प्रत घेऊन चालवेल. नाव एकदा बाहेर गेलं ते गेलं. हे बाबांना कोण समजावणार?

'माझं पाणी' काढायला तिने सही केलीय. आता माझी राहिली. सोमवारी, होळीला नवीन आवृत्ती जाणार असं आधीच जाहीर केलेलं. उधाणही तेव्हाच.

येताना सगळ्या जागांच्या वेळा ताडून बघत बसलो. मोठागावची एक जरा मागे वाटते. का आधीपासून तशीच आहे? पूर्वी असं वाटलं नसतं मला. आता कुठलीच सरळ दिसत नाही.

१ मार्च, रविवार
संध्याकाळी बाबांचा फोन. बाबा आपणहून फोन करत नाहीत, मला वाटलं काही झालं.

"दर्शनाला सांग. उद्या सकाली पानी सातच्या आंदी फिरल. बयोच्या वलनाला. तिला बोल, साडेसहाला खडक सोर."

एवढंच. बाबांनी तोंडाने पाण्याची वेळ सांगितली, ती पण जागेचं नाव घेऊन. जन्मात नाही ऐकलं. म्हटलं, बाबा, तुम्हीच सांगा ना तिला, शेजारीच तर आहे.

"तूच सांग. तुझं ऐकतंय ती." आणि मग, "तू कारलंस काय ते?"

"नाही अजून."

"हं."

फोन ठेवला. आणि मी काय केलं? ॲप उघडून बाबांची वेळ ताडून बघितली. हात आपोआपच गेला. ॲप म्हणतंय सातनंतर, बऱ्याच नंतर. शेवटची नोंद आज दुपारची. मोठ्या अक्षरांच्या आवृत्तीतून.

म्हणजे दुपारी एक वेळ जगाला सांगितली आणि संध्याकाळी दुसरी मला. दोन्ही बाबांच्याच. फोनवरची खरी असणार. असणारच. घरच्या सुनेसाठी आहे. पण ॲपची वेळ खोटी ठरावी, मी ते काढावं, म्हणून तर फोनवर लवकरची सांगितली नाही ना... छे. स्वतःच्या बापाबद्दल काय लिहितोय मी. लाज वाटते. लिहिलं तरी पण.

वहिनीला कळवलं. तिचा लगेच मेसेज, "भाऊजी, ॲपमध्ये तर वेगळंच आहे. काकांची वेळ धरू की ॲपची? का जाऊच नको? होळीला गिऱ्हाईक असतं हो."

'काकांची' असं टाइप केलं. पाठवलं नाही. लॅपटॉपवर तिकडे सहीची चौकट उघडी आहे, तीही तशीच.

म्हटलं, एकदाच विचारू, बाबा, नक्की ना? फोन लावला. वाजतोय. परत लावला. उचलत नाहीयेत. पाण्यावर असतील. कुठल्या, ते आमच्यात विचारत नाहीत.